बिऱ्हाड हलवण्याआधी

बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातल्या आमच्या नांदूरघाटातून माणसं दोन तऱ्हेनं बाहेर पडतात. एक तऱ्हा जुनी. दसरा-दिवाळी झाली की उचल घेतलेल्या टोळ्या कोयते, भांडीकुंडी, लेकरं गाडीत घालून पश्चिम महाराष्ट्राच्या नाहीतर कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडं ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. दुसरी तऱ्हा पुण्याकडची, ती अलीकडं वाढली. कुणी भोसरी-चाकणच्या कंपनीत, कुणी वाघोली-खराडीला, कुणी एमपीएससी करायला सदाशिव पेठेत. ही माणसं सणावारालाच गावात दिसतात. मी या दुसऱ्या तऱ्हेतली. लग्न झालं आणि मोशीला आले, ती इथलीच झाले. आता मे महिना लागला की गावाकडून फोन सुरू होतात, "ताई, एखादी रूम बघून ठेवा ना." मी म्हणते, रूम नंतर बघू. आधी माझ्याकडं येऊन राहा आणि जिथं राहायचंय तो भाग राहणाऱ्याच्या डोळ्यानं बघा.

माझी आत्या कितीतरी हंगाम कोयत्यावर गेली. नव्या कारखान्याची उचल घ्यायची म्हटलं की ती मुकादमाला काय काय विचारायची ते मला अजून पाठ आहे. अड्ड्यावर पाणी कुठून आणायचं? फड किती लांब पडतो? काट्यावर गाडी किती वेळ रखडती? दुकानदार उधारी देतो का? रातच्याला उजेड असतो का? लेकरू आजारी पडलं तर दवाखाना कुठं? पैशाचं बोलणं सगळ्यात शेवटी. शाळा न पाहिलेल्या बाईचे हे प्रश्न. आमची डिप्लोमा झालेली पोरं मात्र "भाडं किती?" इथूनच सुरुवात करतात आणि तिथंच थांबतात. खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं आत्याच्या प्रश्नांतूनच आलेलं आहे.

१. घर बघायला एकट्या पुरुषाला पाठवू नये.

आपल्याकडची रीत अशी की नवरा नाहीतर दीर पुढं जातो, रूम ठरवतो, टोकन देऊन मोकळा होतो आणि मग बायको-लेकरांना घेऊन येतो. त्याच्या लेखी रूम म्हणजे दार, कुलूप आणि कंपनीपासूनचं अंतर. मोरी आत आहे का, संडास किती घरांत मिळून एक आहे, दुधाची पिशवी आणायला हायवे ओलांडावा लागतो का, हे त्याच्या डोक्यातच येत नाही. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर फुकट प्रवास आहे. तेव्हा खर्चाची सबब सांगू नये. आमच्या एका नातेवाइकानं आईला सोबत आणलं होतं. म्हातारीनं खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नाही. थेट गच्चीवर गेली, वाळत घातलेल्या धुण्याकडं बघत उभी राहिली आणि खाली येऊन लेकाला म्हणाली, "समद्या मजल्यांची धुणी दोन दोऱ्यांवर हायती. रोज भांडणं व्हत्याल. चल." दलाल बघतच राहिला.

२. कुठल्या वारी आलात यावर काय दिसेल ते ठरतं.

भोसरी, पिंपरी-चिंचवड, चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. रविवारी इथल्या पाळ्या नेहमीसारख्या चालू. गावाकडच्या माणसाला हे माहीत नसतं. तो सोयीनं गुरुवारी येतो, त्याच दिवशी आम्हीही घरी असतो, आणि मग त्याला रस्ते मोकळे दिसतात, बस रिकामी दिसते, भाजीवाल्याशी घासाघीस करायला फुरसत मिळते. "लई भारी एरिया आहे," म्हणत तो जातो. त्याला मंगळवारी सकाळी साडेसातला भोसरीच्या पुलाखाली उभं करायला पाहिजे. पुणे महापालिकेच्या हद्दीत आणखी एक गंमत: दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं असलं की तेही बहुधा गुरुवारीच. म्हणजे वाघोलीचं घर बघणाऱ्यानं गुरुवार मुद्दाम साधावा आणि मोशीचं बघणाऱ्यानं टाळावा.

३. पाट्यांवर जाऊ नये.

शिवाजीनगरचं एसटी स्टँड मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हललं. तिकिटावर, बोलण्यात शिवाजीनगरच राहिलं. पहिल्यांदा येणारा माणूस उतरतो वाकडेवाडीला आणि रिक्षावाल्याला सांगतो, "शिवाजीनगर स्टँडवर थांबलोय." मेट्रोचंही तेच. नाशिक फाट्याच्या स्थानकाला सुरुवातीला भोसरीचं नाव होतं. भोसरी तिथून आणखी पुढं. "मेट्रोपासून जवळ" असं सांगून भोसरीतल्या खोल्या त्या काळात किती खपल्या असतील देव जाणे.

आणि "पुण्यात" म्हणजे नेमकं कुठं, हेही विचारून घ्यावं. पिंपरी-चिंचवडची महापालिका वेगळी, चाकणची नगर परिषद वेगळी. पाणी, कचरा, घरपट्टी, दवाखाना सगळं त्याप्रमाणं बदलतं. गावात सांगायला सगळेच पुण्यात.

४. पाण्याबद्दल मालकाला विचारू नये, नळाला विचारावं.

"पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही" हे वाक्य मी प्रत्येक मालकाच्या तोंडून ऐकलेलं आहे. प्रॉब्लेम असलेल्या मालकाच्या तोंडून तर दोनदा.

पिंपरी-चिंचवडला पवना धरणाचं पाणी येतं आणि २०१९ च्या नोव्हेंबरपासून ते दिवसाआड सोडतात. आमच्याकडची माणसं हे ऐकून हसतात. दिवसाआड म्हणजे चैनच की! मांजरा धरण आपल्याच तालुक्यात, धनेगावला. पण त्याचं पाणी आधी लातूरकरांच्या नळाला जातं, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात ते धरणच आटलं तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. असल्या मुलखातून आलेल्या माणसाला दिवसाआडचं काय कौतुक? पण फरक असा की गावाकडं साठवायला जागा असते. हौद असतो, रांजण असतात, अंगणात चार पिंपं मांडली तरी कुणाला अडचण नाही. इथं दहा बाय दहाच्या खोलीत दोन पिंपं ठेवली की एका माणसाची झोपायची जागा गेली. म्हणून पाणी किती येतं याच्याआधी ते ठेवणार कुठं, हे बघावं.

मग पाणी कुठलं ते बघावं: कॉर्पोरेशनचं, बोअरचं, का टँकरचं. यासाठी तोंड उघडायची गरज नाही. बाथरूममध्ये जाऊन नळाच्या तोटीकडं आणि आधीच्या भाडेकरूनं टाकून दिलेल्या बादलीकडं बघायचं. तोटीवर पांढरा खडबडीत थर चढलेला असेल, बादलीच्या कडेला आतून पांढरं वर्तुळ पडलेलं असेल, तर ते बोअरचं जड पाणी. हात धुऊन बघा, साबणाला फेस येत नाही. या पाण्यात डाळ शिजायला वेळ लागतो, गॅस जास्त जळतो, गिझरची कॉइल जाते. भाड्यातले पाचशे रुपये वाचले म्हणून खूश झालेला माणूस ते पैसे दुसऱ्या वाटेनं भरत राहतो.

टँकरसाठी पहाटे उठून जावं लागतं. मोठ्या नव्या सोसायट्यांच्या गेटपाशी सहा-साडेसहाला उभं राहिलं की टँकर येताना दिसतात आणि वॉचमन आपण होऊन हिशोब सांगतो, "काल चार आले होते, उन्हाळ्यात तर विचारूच नका." तो खर्च मेंटेनन्समध्ये येतो. मेंटेनन्स कोण भरणार, मालक का भाडेकरू, हे ठरलेलं नसेल तर तोही तुमच्याच गळ्यात. वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली म्हणून लोकांनी पेढे वाटले, पण तिथले टँकर काही गेले नाहीत.

५. कामाला ज्या वेळी जायचं त्याच वेळी त्या रस्त्यानं एकदा जाऊन यावं. तेही पायी, बसनं; आपल्या पाहुण्याच्या दुचाकीवर बसून नव्हे.

मोशी ते चाकण नकाशावर सरळ रेघ आहे, पुणे-नाशिक महामार्ग. दुपारी बाराला घेऊन गेलं तर नवीन माणूस म्हणतो, "एवढंच व्हय?" पाळी भरायच्या-सुटायच्या वेळी त्याच रेघेवर कंटेनर, कंपन्यांच्या बसा, सहाआसनी, दुचाक्या आणि रस्त्याच्या मधोमध बिनघोर चालणारी एखादी म्हैस असा सगळा पसारा असतो. चाकणच्या तळेगाव चौकात नाहीतर आंबेठाण चौकात गाडी एकदा अडकली की घड्याळाकडं बघण्यात अर्थ नसतो. आत्याचा काट्यावरचा प्रश्न तो हाच: अंतर किती यापेक्षा रखडणं किती.

दलाल जी मिनिटं सांगतो ती दुचाकीची असतात आणि रात्री दहानंतरची असतात.

"कंपनीची बस आहे" यावरही लगेच भुलू नये. बस दारात येत नाही, ठरलेल्या चौकात येते आणि कुणासाठी थांबत नाही. तो चौक कोणता, तिथपर्यंत पायी किती वेळ लागतो, पावसात उभं राहायला आडोसा आहे का, हे जाऊन बघायचं. कंत्राटी कामगाराला त्या बसमध्ये बसू देतात का, हेही आधी विचारायचं. पुष्कळ ठिकाणी त्याला आपलं आपण यावं लागतं.

पीएमपीचा दिवसाचा पास काढून एक दिवस नुसतं फिरावं, हा माझा सगळ्यांना आग्रह असतो. २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एक झाल्या, त्यामुळं दोन्ही शहरं एका पासात होतात. खिडकीपाशी बसायचं आणि कोणत्या थांब्यावर कोण चढतं-उतरतं ते बघायचं. कॉलेजच्या पोरी कुठं उतरतात, डबेवाल्या बायका कुठं चढतात, कुठल्या थांब्यावर गर्दी असूनही बस थांबत नाही. मेट्रो चांगली आहे. २०२२ च्या मार्चमध्ये सुरू झाली, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये स्वारगेटपर्यंत गेली. पिंपरीहून मंडईला जायला आता त्रास नाही. पण मोशी-चाकणच्या माणसाला ती रोजच्या कामाची नाही. तिच्यापर्यंत पोचायलाच आधी नाशिक फाटा गाठावा लागतो.

६. गावाकडून ज्वारीचं पोतं कुठं उतरणार?

हे ऐकून शहरातले हसतील. पण आमच्या घरांचा निम्मा किराणा ट्रॅव्हल्सच्या डिकीतून येतो: ज्वारी, तूरडाळ, शेंगा, लोणच्याची बरणी. नगर रस्त्यानं येणारी गाडी पहाटे चार-साडेचारला वाघोलीपासून माणसं आणि पोती उतरवत येते. ड्रायव्हरला घाई असते. पोतं रस्त्याच्या कडेला आणि तुम्ही झोपेत, असं होऊ नये म्हणून थांब्यापासून घर किती, त्या वेळी रिक्षा मिळते का, एवढं बघावं. मग ज्वारी दळणार कुठं तेही बघावं. नव्या वस्तीत गव्हाची गिरणी मिळते. ज्वारीला वेगळं जातं ठेवणारी गिरणी शोधावी लागते, आणि गव्हावर दळलेल्या पिठाची भाकरी थापताना चिरते. ज्या भागात ज्वारीची गिरणी जोरात चालते त्या भागात आपल्याकडची माणसं आहेत हे न विचारता कळतं.

७. रात्री अकरानंतर ती गल्ली बघावी.

दुसरी पाळी सुटते तेव्हा बसा विरळ झालेल्या असतात. चौकापासून घरापर्यंतच्या वाटेवर खांब आहेत का, ते लागतात का, कुत्री किती, दारूचं दुकान वाटेत आहे का, त्याच्या पुढं कोण उभं असतं. बाई कामाला जाणार असेल तर तिनं स्वतः, सोबत कुणाला मागं ठेवून, ती वाट एकदा चालून बघावी. तिला नको वाटलं तर तो विषय तिथंच संपला. कारण विचारत बसू नये.

८. ज्याला तुमच्या येण्यानं काही मिळणार नाही त्याला विचारावं.

दलालाला एक महिन्याचं भाडं मिळायचं असतं. मालकाला डिपॉझिट. गावाकडच्या ओळखीच्या माणसाला शेजार पाहिजे असतो, म्हणून तोही आपल्या गल्लीचं गुणगानच करतो. खरं बोलतात ती माणसं वेगळी: इस्त्रीवाला, किराणा दुकानदार, भांडी घासणाऱ्या मावशी, सोसायटीचा वॉचमन. दुकानदाराकडून पावशेर साखर घ्यावी आणि सहज विचारावं, "इथं भाडेकरू टिकतात का हो?" त्याच्या उधारीच्या वहीत सगळी गल्ली लिहिलेली असते. कोणत्या चाळीतली माणसं सहा महिन्यांत पळतात, कोणता मालक सबमीटरवर विजेचं युनिट महावितरणच्या दुप्पट दरानं लावतो, कुणाचं डिपॉझिट परत मिळालं नाही, हे तो साखर बांधता बांधता सांगतो. म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडीकडं तर खोल्यांच्या ओळीच्या ओळी आहेत आणि मालक बहुतेक त्या त्या गावचेच. सगळं एकमेकांना माहीत असतं. दलालाची गरजही तिथं फारशी पडत नाही. विजेच्या खांबावर नंबर चिकटवलेले असतात.

मात्र नुसत्या आपल्याच माणसांच्या गल्लीत घर घ्यायचं का, हा विचार नीट करावा. अडीनडीला माणूस हाकेच्या अंतरावर असतो हे खरं. पण सकाळी मोशीत नवरा-बायकोचं वाजलं तर दुपारी नांदूरघाटच्या पारावर त्याची चर्चा असते.

९. केजचं नाव घेतलं की समोरचा क्षणभर थांबतो, याची तयारी ठेवून यावं.

२०२४ च्या डिसेंबरात आपल्याच तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर कित्येक महिने बीडचं नाव टीव्हीवर रोज होतं. त्या दिवसांत एका मालकानं माझ्या भाच्याच्या आधार कार्डावरचा पत्ता वाचला आणि ठरलेली खोली "आमच्या पाहुण्यांना लागतेय" म्हणून नाकारली. भाचा चिडला. मग त्यानं पुढच्या ठिकाणी "नगरचा आहे" असं सांगायचं ठरवलं. मी नको म्हटलं. पोलीस पडताळणीत पत्ता निघतोच, आणि मग खोटं बोललास म्हणून नाकारणारा मालकच खरा ठरतो. त्यापेक्षा कंपनीचं पत्र, आधीच्या ठिकाणच्या मालकाचा फोन नंबर आणि आई-बाप सोबत, एवढं घेऊन जावं. आडनाव विचारताना काही जण भलतंच काही विचारत असतात, हेही पोरांना सांगून ठेवावं. जिथं हा प्रश्न तिसऱ्यांदा येतो तिथली खोली सोन्याची असली तरी घेऊ नये. ज्या मालकिणीनं शेवटी त्याला ठेवून घेतलं तिनं एकच गोष्ट विचारली होती: रात्रपाळी आहे का, म्हणजे गेटची किल्ली द्यायला बरं.

१०. कागद.

अकरा महिन्यांचा करार नोंदवलेलाच पाहिजे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं तो लेखी करणं आणि नोंदवणं बंधनकारक आहे, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. स्टँप पेपरवर नोटरीचा शिक्का मारून आणला म्हणजे नोंदणी झाली असं नाही, मालक काहीही म्हणो. नोंदणी नसताना भांडण झालं तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. हे नुसतं सांगितलं तरी पुष्कळ मालक दुसऱ्या दिवशी नोंदणीला तयार होतात. डिपॉझिट, नोटिशीचा महिना, विजेचा दर, रंगाचा खर्च हे सगळं त्यात लिहून घ्यावं. आणि राहायला जायच्या आधी खोलीचे, मीटरच्या आकड्याचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवावेत.

११. स्पर्धा परीक्षेला येणाऱ्या पोरांचं पुणं निराळंच.

ते पुणं म्हणजे सदाशिव, नारायण, शनिवार पेठ, शास्त्री रस्ता, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकं आणि अभ्यासिका. तिथं खोली कॉटवर मिळते: एका खोलीत चार-पाच कॉट, कॉटखाली ट्रंक. बघायला येणारे बाप रविवारी दुपारी मेसमध्ये जेवतात, त्या दिवशी फीस्ट असते, गुलाबजाम असतो. बाप समाधानानं केजची गाडी पकडतो. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते हे पोराला त्याच रात्री कळतं. बुधवारी रात्री साडेनऊला जेवून बघावं, चपाती कशी उरते ते कळेल. खाडे किती धरतात ते विचारावं. अभ्यासिकेत मधल्या वेळी जावं: पंखा आपल्या टेबलापर्यंत येतो का, चार्जिंगचा पॉइंट आहे का, संडासाला रांग किती. आणि जी पोरं चार-पाच वर्षांपासून तिथं आहेत त्यांच्याशी तासभर चहा घ्यावा. क्लासची जाहिरात बघून पेठेत यायचं ठरवलं असेल तर हा चहा जरूर घ्यावा. किती वर्षं द्यायची आणि कुठं थांबायचं, हे पोरानं आणि बापानं गाडीत बसायच्या आधी बोलून ठेवावं. पेठेत आल्यावर ते बोलणं होत नाही.

१२. घरात म्हातारं माणूस किंवा पोटुशी बाई असेल तर एकदा दवाखान्याचा केसपेपर काढून बघावा.

आपल्याकडं मोठं दुखणं म्हणजे अंबाजोगाईचं स्वाराती रुग्णालय. इथं पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचं वायसीएम आहे, पुण्यात ससून. नवीन जागेवरून तिथं रात्री कसं पोचायचं, तेवढं दिवसा जाऊन बघितलं की पुरे.

१३. पाऊस आणि नदी.

आपण कमी पावसाचे लोक. नदी म्हणजे कोरडं पात्र ही आपली समजूत. त्यामुळं इंद्रायणी-पवनेच्या काठाला स्वस्त घर, स्वस्त प्लॉट दिसला की आपल्याला त्यात धोका दिसत नाही, उलट गारवा दिसतो. जुन्या पुणेकरांना १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर विसरता येत नाही. नव्यांसाठी २०२४ चा जुलै आहे: खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत घरं पाण्यात गेली. २०२५ च्या मे महिन्यात तर चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत बांधलेले ३६ बंगले महापालिकेनं पाडले. राष्ट्रीय हरित लवादाचा निकाल होता, सुप्रीम कोर्टातही काही झालं नाही. लोकांनी कर्ज काढून बांधलेले बंगले होते.

म्हणून उन्हाळ्यात घर पसंत केलं तरी जुलैत एकदा येऊन बघावं. गल्लीत पाणी कुठपर्यंत चढतं ते भिंतीवरच्या चिखलाच्या रेघेवरून कळतं. आणि गावाकडची दोन एकर विकून इथं गुंठा घेणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: नोटरीवर गुंठा घेऊ नका. इंडेक्स टू मागा, सातबारा बघा, पूररेषेचा नकाशा महापालिकेत जाऊन बघा. विकणारा दुसऱ्या दिवशी फोन उचलत नाही, हे त्याच्या वागण्यावरून आधी कधीच कळत नाही. तो फार गोड बोलतो.

१४. पाहुण्यांचा हिशोब.

मोशी, चऱ्होली, डुडुळगाव या बाजूला घर घेणार असाल तर आळंदी जवळ आहे याचा आनंद माना, पण त्याची किंमतही धरा. कार्तिकात ज्ञानोबांच्या समाधी सोहळ्याला गावाकडची दिंडी येते. तीनशे पासष्ट दिवसांत ज्यांनी फोन केला नाही ती माणसंही त्या आठवड्यात तुमचा पत्ता विचारत दारात येतात, आणि यायलाच पाहिजेत. पण मालकाची "पाहुणे चालणार नाहीत" ही अट करारात आहे का ते आधी वाचून घ्या. असेल तर कार्तिकी एकादशीच्या आसपासचे दिवस बोलून सोडवून घ्या. इथले बहुतेक मालक वारकरी घरातलेच असतात, नाही म्हणत नाहीत. पाणी त्या दिवसांतही दिवसाआडच येतं. सामानाच्या टेम्पोत एक पिंप जास्तीचं घाला आणि चटया शिल्लक असतील तेवढ्या सगळ्या आणा.